जिंकले परराज्यात, कर मात्र घरीही!

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेत जुगारात जिंकलेल्या रकमेवर केंद्र सरकारचा प्राप्तिकर असतोच. खरी गुंतागुंत राज्यांच्या कराची आहे. लास व्हेगास ज्या नेवाडात आहे, तेथे राज्याचा प्राप्तिकरच नाही. पण म्हणून तेथे जिंकलेला कॅलिफोर्नियाचा रहिवासी सुटत नाही. रहिवाशाचे उत्पन्न कोठलेही असो, त्याचे राज्य त्यावर कर आकारते.

पेनसिल्व्हेनिया मात्र बाहेरून आलेल्यांकडूनही ३.०७ टक्के कर घेते. दहा हजार डॉलर जिंकल्यास ३०७ डॉलर तेथे भरावे लागतात. स्वतःच्या राज्यात याच रकमेवर ५०० डॉलर कर होत असेल, तर सर्वसाधारणपणे ३०७ डॉलर त्यातून वळते होऊन १९३ उरतात. फ्लोरिडात प्राप्तिकरच नसल्याने तेथील रहिवाशाला हे ३०७ डॉलर कशातूनही वळते करता येत नाहीत.

२०१५ मध्ये, परराज्यात भरलेला कर पूर्णपणे वळता करू न देणारी मेरिलँडची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरविली. परंतु ही सवलत आपोआप मिळत नाही. विवरणपत्रात ती मागावी लागते.

न्यू जर्सीत राहून फिलाडेल्फियात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींची येथेच फसगत होऊ शकते. या दोन राज्यांतील करारामुळे त्यांच्या पगारावर राज्याचा प्राप्तिकर फक्त न्यू जर्सीचा लागतो. कॅसिनोतील कमाई त्या करारात येत नाही. तिच्यासाठी दोन्ही राज्यांत हिशेब द्यावा लागतो.