पट्टी पडली, डोळे उघडले!

मागच्या शनिवारी रात्री गाडी काढून पुण्याहून घरी निघाले होते. घरी म्हणजे नगरला. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच! सुप्याच्या पुढे अंधारात अचानक समोर उसाची ट्रॉली. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा ऊस बॉनेटपासून हातभर लांब होता.

सकाळी हा किस्सा ऐकून बारावीतला मामेभाऊ फूटपट्टी घेऊन आला. "ताई, तुझा रिअ‍ॅक्शन टाइम बघू."

टेस्ट एकदम सोपी. समोरच्याने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची. शून्याचा आकडा तुमच्या अंगठा आणि बोटाच्या मध्ये, पण बोटं लावायची नाहीत. तो न सांगता सोडणार, तुम्ही पकडायची. १५ सेंटिमीटरवर पकडली तर साधारण ०.१७ सेकंद, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. पाच-सहा वेळा करा आणि सरासरी काढा. माझी आली २२. म्हणजे ०.२१ सेकंद. चारचौघांसारखी!

मग हा वेळ कमी करता येतो का? थोडाफार. भिंतीवर टेनिस बॉल मारून झेलत राहा, हात सरावतो. पण खरा फरक पडतो झोपेने. रात्रभर जागून डेडलाइन गाठली असेल, तर दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन बघाच. कॉफीने तरतरी येते, झोपेची भरपाई होत नाही.

आणि उरलेला फंडा आपल्याच जिल्ह्यातल्या दोघांकडून शिकायचा. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेने २०१५ साली गॉल कसोटीत आठ झेल घेतले. क्षेत्ररक्षकाचा तेव्हाचा विश्वविक्रम! स्लिपमध्ये उभं राहायचं, तर नजर बॉलवरून हलून चालत नाही. आणि श्रीरामपूरच्या झहीर खानसारखा वेगवान बोलर असला, की स्लिपवाले मागे सरकून उभे राहतात. जास्त अंतर, म्हणजे जास्त वेळ. साधा हिशोब.

हाच हिशोब रस्त्यावर लावा. ताशी ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. क्रिकेटच्या अख्ख्या पिचपेक्षा जास्त! म्हणून पुढच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. रात्री तर स्पीड इतकाच हवा, की हेडलाइटच्या उजेडात दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे.

शेवटी भावाने एक गंमत केली. "आता मोबाइलवर मेसेज वाचत पकड." पट्टी थेट फरशीवर! तो खो खो हसला. मी नाही हसले.

कारण सुप्याजवळ ती ट्रॉली आली, तेव्हा माझी नजर मोबाइलवरच होती. हे मी घरी सांगितलं नव्हतं. आता तुम्हाला सांगतेय.

हल्ली गाडीत बसले, की मोबाइल मागच्या सीटवर, बॅगेत. तुमचा कुठे असतो?