रुग्णाला चौदा अंकी नंबर, डॉक्टरांचा नंबर कुठे?

भोकरदन, मंठा, परतूरचा मजूर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार घ्यायला जातो, तेव्हा त्याला आधी रेशनकार्ड आणि आधार दाखवावे लागते. आता 14 अंकी आभा क्रमांकही आला. आमचा प्रश्न साधा आहे: रुग्णाची एवढी ओळखपरेड, मग उपचार करणाऱ्याची ओळख कुठे?

2012 साली राजीव गांधींच्या नावाने 8 जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना नोव्हेंबर 2013 मध्ये जालन्यासह राज्यभर लागू झाली. पैसा जनतेचा आहे. त्यातून खासगी रुग्णालयांची बिलेही भागतात. 2023 च्या कॅग अहवालाने आयुष्मान भारतच्या नोंदी तपासल्या. देशभरात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरवर आढळले. एकच रुग्ण एकाच वेळी दोन रुग्णालयांत दाखल असल्याच्याही नोंदी सापडल्या.

प्रत्येक बिलावर रुग्णालयाचा आणि डॉक्टरांचा कायमचा क्रमांक असेल, तरच असा घोळ नेमका कोणाचा हे कळते. पाटीवरचे नाव बदलता येते, क्रमांक बदलता कामा नये. 2021 च्या डिजिटल आरोग्य मिशनमध्ये रुग्णालये आणि डॉक्टरांच्या स्वतंत्र नोंदवह्या आहेतच. चिठ्ठीवर व पावतीवर नोंदणी क्रमांक लिहिणे तर 2002 च्या नियमांनीच डॉक्टरांना बंधनकारक केले आहे.

म्हणून आमची मागणी आहे: डिस्चार्ज कार्डावर दोन्ही क्रमांक छापा आणि जिल्ह्यातील बिलांची माहिती रुग्णांची नावे वगळून, क्रमांकांसह खुली करा. बांधवांनो, घरी निघण्यापूर्वी कागदावरचा तो क्रमांक पाहा. नसेल तर मागा. तो आपला हक्क आहे.