सीडी भंगारात घालण्याआधी

मालिका पाहायला सीडी-डीव्हीडी विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, असं ठासून सांगणारे एक गृहस्थ आमच्या सोलापूरच्या सात रस्त्यावर संध्याकाळच्या चहाला नेमाने असतात. बोलण्यात पटाईत आहेत, चार पुस्तकं वाचलेले आहेत, त्यामुळे ऐकणारे माना डोलावतात. माना डोलावण्यापर्यंत ठीक होतं. पण यंदा दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या सल्ल्यावरून ओळखीच्या घरांतली खोकीच्या खोकी भंगारवाल्याच्या गाड्यावर चढली. पु. ल. देशपांड्यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’पासून ‘भारत एक खोज’पर्यंत सगळं किलोच्या भावाने गेलं. आता या मताचा समाचार घ्यायलाच हवा.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. महिन्याला दोन-तीनशे रुपये भरले की जगभरच्या मालिका हातातल्या मोबाईलवर येतात. सीडीने कपाट अडतं, तिच्यावर ओरखडे पडतात, चित्र धूसर दिसतं आणि बिघडला तर प्लेअर मिळत नाही. जुनं जे काही पाहण्याजोगं आहे ते ‘तिथे’ आहेच आणि कायम राहणार आहे, मग विकत कशाला घ्यायचं? शेवटी ठेवणीतला टोला: वस्तू साठवणं हा म्हाताऱ्या पिढीचा रोग आहे.

रोगाचं आधी पाहू. पुस्तकांनी भरलेलं कपाट दिसलं की हेच गृहस्थ घरमालकाला सुसंस्कृत म्हणतात. सीडींचा खण दिसला की त्यांना रोग आठवतो. जागेचा मुद्दा तर बोलण्यासारखाही नाही. 12 सेंटिमीटर व्यासाच्या, 1.2 मिलिमीटर जाडीच्या शंभर चकत्या पाकिटांत घालून लावल्या तर खणाचा एक कोपरा भरतो. प्लेअर आजही मिळतो, शोधावा लागतो एवढंच. चित्राबद्दल म्हणाल, तर व्हीसीडीचं चित्र धूसर असतं हे खरं. डीव्हीडीचं तसं नाही. ऐंशीच्या दशकात टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत मुळात जेवढं चित्र आहे तेवढं डीव्हीडीत येतं. नवा फोर-के टीव्ही आणला म्हणून त्यात भर पडत नाही.

ओरखड्यांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण यात दोष आपल्या हाताळणीचा आहे. आपल्याकडे सीडी टेबलावर ठेवताना चकचकीत बाजू वर आणि छापील बाजू खाली ठेवायची सवय आहे. चकचकीत बाजू जपली म्हणजे सीडी जपली, असा समज. सीडी आणि व्हीसीडीत माहिती धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा थर छापील बाजूला असतो, पातळशा लेपाच्या लगेच खाली. चकचकीत बाजूला पॉलिकार्बोनेटचं मिलिमीटरभर जाड कवच असतं. तिथला बारीक ओरखडा बहुधा घासून काढता येतो. छापील बाजू खरवडली की तिथला मजकूरच गेला. डीव्हीडीत हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती अधिक टिकाऊ. पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल फिरवून पुसू नये. ठेवायची उभी, डबीत, सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हापासून लांब. एवढं ज्या घरात पाळलं, तिथल्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या चकत्या आजही लागतात. वस्तू जपायची नाही आणि वर ती टिकत नाही म्हणून ओरडायचं, हा कुठला न्याय?

स्वस्ताईचा मुद्दा दोन ओळींत संपतो. अ‍ॅमेझॉन प्राइमची भारतातली वार्षिक वर्गणी डिसेंबर 2021मध्ये 999 रुपयांवरून 1,499 झाली, आणि जून 2025पासून पैसे भरणाऱ्यालाही मध्ये जाहिराती आल्या. त्या नको असतील तर आणखी पैसे. उलट 2007च्या सुमारास मोझर बेअरने 28 रुपयांना व्हीसीडी आणि 34 रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली होती. ज्याने तेव्हा घेतली, त्याच्याकडे त्यानंतर कुणी एक पैसा मागितलेला नाही.

आता त्यांच्या मुख्य सिद्धान्ताकडे येतो: सगळं तिथे आहे आणि कायम राहणार आहे. हे वाक्य ते इतक्या खात्रीने उच्चारतात, जणू त्या कंपन्यांनी त्यांना ताम्रपट लिहून दिला आहे. वस्तुस्थिती काय आहे? एचबीओच्या सगळ्या मालिका भारतात हॉटस्टारवर होत्या. ‘गेम ऑफ थ्रोन्स’साठी म्हणून अनेकांनी वर्षाची वर्गणी भरली होती. 31 मार्च 2023ला करार संपला आणि त्या तिथून गेल्या. वर्गणीदाराची मुदत शिल्लक, मालिका नाही. काही आठवड्यांनी त्या जिओ सिनेमावर आल्या, म्हणजे पुन्हा नवं दार आणि नवी वर्गणी. फेब्रुवारी 2025मध्ये ही दोन्ही दारं मिळून जिओहॉटस्टार हे एकच झालं. या सगळ्या देवाणघेवाणीत प्रेक्षकाला कुणी काही विचारलं का? ज्याच्या कपाटात त्या मालिकेच्या डीव्हीडींचा संच होता, त्याला मात्र 31 मार्च कधी आला आणि कधी गेला हे कळलंही नाही.

ही तर निदान दुसरीकडे गेलेली मालिका. कायमच्या गेलेल्याही आहेत. डिस्नेने ‘विलो’ नावाची मालिका स्वतः काढली, स्वतःच्याच डिस्ने प्लसवर 2022च्या नोव्हेंबरअखेर दाखवायला सुरुवात केली आणि मे 2023मध्ये काढूनही टाकली. डीव्हीडी कधी आलीच नव्हती, त्यामुळे ती रीतसर पाहायची वाटच बंद झाली. शेकडो माणसांनी राबून उभं केलेलं काम वर्षभरसुद्धा टिकू नये? ‘कम्युनिटी’ या विनोदी मालिकेचा एक भाग जून 2020मध्ये नेटफ्लिक्सने काढला. तो भाग आक्षेपार्ह होता की नव्हता, यावर वाद घालता येईल. पण वाद घालायला तो भाग समोर असावा लागतो. डीव्हीडी असणाऱ्यांकडे तो आहे.

‘विकत’ घेतलेल्याचंही तेच. सोनीच्या प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे मोजून घेतलेल्या डिस्कव्हरीच्या मालिका 31 डिसेंबर 2023ला त्यांच्या खात्यातून जातील, असं त्याच महिन्यात जाहीर झालं. बोंब झाल्यावर निर्णय मागे घेतला, ही गोष्ट वेगळी. कॅलिफोर्नियाला तर यासाठी कायदा करावा लागला: 1 जानेवारी 2025पासून, ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळणार असेल तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ म्हणायचं नाही. जिथे यांतल्या काही कंपन्या जन्मल्या, तिथल्या सरकारला हे कळतं. सात रस्त्यावर कळायला काय हरकत आहे?

एक जुना वाद इथे आठवतो. कॅसेट आल्या तेव्हा असेच एक जण ग्रामोफोनच्या तबकड्या फेकून द्या म्हणून मागे लागले होते. ‘आता सगळं कॅसेटवर मिळतं’ हे त्यांचं पालुपद. ज्यांनी ऐकलं, त्यांच्या घरच्या जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या गेल्या; त्यांतल्या कित्येक कॅसेटवर कधी आल्याच नाहीत. ज्यांनी नाही ऐकलं, त्यांच्याकडे संग्राहक आज वाटेल ती किंमत द्यायला उभे असतात. पुढे सीडी आली तेव्हा कॅसेटबद्दल हेच ऐकलं. प्रत्येक नव्या साधनाबरोबर ‘आता सगळं मिळतं’ म्हणणारा एक जण येतोच, आणि प्रत्येक वेळी काही ना काही कायमचं मागे राहतं. असो.

कायमच्या हानीची उदाहरणं टेलिव्हिजनच्या इतिहासात ढिगाने आहेत. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत टेपा महाग म्हणून जुन्या कार्यक्रमांवर नवे कार्यक्रम चित्रित केले, काही फिल्म नष्ट केल्या. ‘डॉक्टर हू’सारख्या लोकप्रिय मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यामुळे आजही बेपत्ता आहेत. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. इथेही टेप पुसून पुन्हा वापरण्याचीच रीत होती. ‘चिमणराव’मधले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ज्यांनी तेव्हा पाहिले, त्यांच्या आठवणीत त्या मालिकेचं जेवढं आहे, तेवढं आज आपल्या नातवंडांना दाखवता येतं का? उलट ‘रामायण’ पाहा. 28 मार्च 2020पासून, टाळेबंदीत, दूरदर्शनने ते पुन्हा दाखवलं आणि देश टीव्हीसमोर बसला. 1987-88मधले ते 78 भाग कुणीतरी सांभाळून ठेवले होते म्हणून ते शक्य झालं.

यूट्यूबवर सगळं असतं म्हणणाऱ्यांना एकच सांगतो: कुणी परस्पर चढवलेलं, अर्धंमुर्धं, आज आहे नि उद्या हक्काच्या तक्रारीवरून उडालेलं, त्याला संग्रह म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट खास आपल्या गावची आहे. सोलापुरातल्या किती घरांतली मुलं पुण्यात नोकरीला आहेत? मुलाने खातं काढायचं आणि इथे आईवडिलांनी पाहायचं, अशी सोय घरोघरी झाली होती. जुलै 2023मध्ये नेटफ्लिक्सने भारतात कळवलं की एक खातं एकाच घराचं. हुतात्मा एक्स्प्रेसने सणाला घरी येणारा मुलगा त्यांच्या लेखी दुसऱ्या घरचा ठरला. कुटुंब कुणाला म्हणायचं, हे आता कंपनी सांगणार? ‘वाऱ्यावरची वरात’ची सीडी मुलगा पुण्याला घेऊन जाऊ शकतो, परत आणू शकतो, शेजारच्या काकूंना देऊ शकतो. तिला ओटीपी लागत नाही, आणि सत्तरीच्या आईला ती स्वतःच्या हाताने लावता येते.

मग करायचं काय? घरातलं इंटरनेट तोडा असं मी म्हणत नाही. एकदा पाहून विसरायच्या मालिकेला वर्गणी पुरेशी आहे. पण प्रत्येक घराला पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटणारं, मुलांना दाखवावंसं वाटणारं काही असतं. मराठी घरात पुलं असतील, ‘मालगुडी डेज’ असेल. पूर्व भागातल्या तेलुगू घरात तेलुगू चित्रपट, विजापूर रोडवरच्या कन्नड घरात कन्नड. तेवढ्याची यादी करावी आणि ते चकतीवर मिळत असेल तोवर विकत घ्यावं. चालू प्लेअर भंगारात देऊ नये. आपल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या संस्थांनी पुस्तकांच्या शेजारी मालिकांच्या आणि नाटकांच्या डीव्हीडींचा एक विभाग ठेवावा. वाचनालयाला चकती सभासदाला देता येते, ओटीटीचं खातं देता येत नाही. आणि मराठी मालिका काढणाऱ्यांनी पुस्तकांसारखी प्रकाशनपूर्व नोंदणी घेऊन मोजक्या प्रती काढाव्यात. ‘प्रेक्षक घेत नाहीत’ ही तक्रार करण्याआधी एकदा विचारून तरी पाहावं.

त्या गृहस्थांना माझं सांगणं एवढंच: तुम्ही खुशाल वर्गणी भरा. पण दुसऱ्यांच्या घरातले संच भंगारात घालायला सांगू नका. तुमच्या आवडीची मालिका परवा कंपनीच्या यादीतून गेली, तर ती पुन्हा कुठून आणायची हे तुमच्या हातात नसेल. ज्याने विकत घेतली, त्याच्याकडे ती असेल, आणि मागितली तर तो ती तुम्हालाही देईल.