दुकानाच्या वह्या : इतिहासाचे उपेक्षित साधन

आपल्या वाशीम जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. पण विदर्भातील घुग्घुस, राजूर, बल्लारपूर ही गावे कोळशासाठीही ओळखली जातात. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद झाली, १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, एवढे आपण पुस्तकांत वाचतो. परंतु खाणीतल्या मजुराच्या घरी महिनाअखेर चूल कशी पेटत होती, हे कोणते पुस्तक सांगते? ते सांगू शकेल बाजारातले जुने किराणा दुकान.

खाण आणि दुकान यांचे नाते जगभर उधारीचे आहे. इंग्लंडात मालक मजुरीपोटी आपल्याच दुकानातला माल देत. १८३१ च्या कायद्याने त्याला बंदी घातली. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने पगार नाण्यांत वा नोटांत देण्याचे बंधन आले. पगार रोख झाला, म्हणून उधारी सुटली काय? मजूर पगारावर खाते फेडतो, कारंज्याच्या बाजारात कापूस विकून शेतकरी हंगामावर फेडतो. मुदत निराळी, वही तीच!

दुकानदार तारणहार की शोषक, यावर वादविवाद स्पर्धेत टाळ्या मिळविणे सोपे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. त्या दंग्यांत ठिकठिकाणी कर्जाचे कागद जाळले गेले. कागदाची ताकद त्यांना नेमकी कळली होती. पण दुखण्याखुपण्यात, लग्नकार्यात उधार देणाराही बहुधा तोच दुकानदार असे. म्हणून निवाडा करण्यापूर्वी रोजकीर्द आणि खतावणी उघडून पाहावी, असे मला वाटते. ज्वारीचा भाव, व्याजाचा दर, चहा-साखर घरात केव्हा शिरली, हे सारे तेथे तारीखवार सापडेल.

लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते, जुनी माळ्यावर जाते आणि पुढे रद्दीत. मोडी वा महाजनी लिपी वाचणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच!

मित्रहो, दिवाळीच्या सुटीत आपल्या गावातल्या जुन्या दुकानदाराकडे जा. वही मागू नका. तेथेच बसून नकला करा. ऋणकोंची नावे मात्र गाळा, कारण त्यांची नातवंडे त्याच गावात नांदत आहेत. आपल्या इतिहास विभागाने एक कपाट जरी या नकलांसाठी राखून ठेवले, तरी सनावळ्यांत न मावणारी माणसे तेथे भेटतील.