‘कॉमन’ कोणाला म्हणावे? बेसबॉल कार्डे आणि अडगळीत टाकलेले फिरस्ते खेळाडू

१/ ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत पुठ्ठ्याचा एक लहानसा तुकडा १ कोटी २६ लाख डॉलरना विकला गेला. टॉप्स कंपनीच्या १९५२ सालच्या संचातील ते ३११ क्रमांकाचे बेसबॉल कार्ड. त्यावर न्यूयॉर्क यँकीजचा मिकी मँटल. अशा बातम्यांनी एक समज रुजवला आहे : जे महाग ते दुर्मिळ, आणि जे दुर्मिळ तेच ऐतिहासिक. हा धागा त्या समजाविरुद्ध आहे.

२/ आधी दुर्मिळतेचे पाहू. १९५२ च्या संचात एकूण ४०७ कार्डे होती आणि ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. ३११ ते ४०७ हा शेवटचा टप्पा निघाला तेव्हा हंगाम सरत आला होता. माल पडून राहिला. टॉप्सचे साय बर्जर यांनी पुढे स्वतःच सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे, उरलेल्या पेट्या १९६० मध्ये अटलांटिक महासागरात बुडवण्यात आल्या.

३/ आता खरी मेख पाहा. या टप्प्यातील मँटल, जॅकी रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन यांची कार्डे छपाईच्या तावावर दोन-दोनदा होती, इतरांची एकदाच. म्हणजे मँटलच्या शेजारी छापलेल्या अनाम खेळाडूचे कार्ड जन्मतःच त्याच्या निम्म्या संख्येने होते! तरी संग्राहकांच्या बोलीत त्या बिचाऱ्याला नाव काय? ‘कॉमन’. किंमत दुर्मिळतेची नव्हे, कीर्तीची असते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

४/ हे ‘कॉमन’ म्हणजे बहुतांशी फिरस्ते खेळाडू : आज या संघात, उद्या त्या संघात. पण ही भटकंती क्वचितच त्यांच्या मर्जीची होती. करारातील ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राही. क्लब त्याला विकू शके, बदलून देऊ शके. त्याला मात्र स्वतःचा संघ निवडता येत नसे. १८७९ मध्ये सुरू झालेली ही प्रथा डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने खिळखिळी झाली.

५/ त्या व्यवस्थेचे ठसे कार्डांवर उमटले आहेत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने तंबाखूच्या पाकिटांतून वाटलेला ‘टी २०६’ हा संच घ्या. बिल ओ’हारा आणि रे डेमिट हे दोघेही न्यूयॉर्कच्या संघांतून सेंट लुईसला गेले. छपाई चालू असतानाच त्यांच्या कार्डांवरील शहराचे नाव बदलले. ‘सेंट लुईस’ असे छापलेली ही कार्डे केवळ ‘पोलर बेअर’ या तंबाखूच्या जाहिरातीसहच आढळतात, म्हणून ती विरळा.

६/ याच संचातील ज्यो डॉयल हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधील संघाचा गोलंदाज. त्याच्या कार्डावर चुकून नॅशनल लीगचा उल्लेख छापला गेला. कारण तिथे लॅरी डॉयल हा दुसरा डॉयल खेळत होता. चूक लगेच सुधारली गेली. चुकीच्या कार्डाच्या ज्ञात प्रती सुप्रसिद्ध होनस वॅग्नर कार्डाच्या प्रतींहूनही कितीतरी कमी आहेत. संग्राहक त्या चुकीसाठी जीव टाकतात. ज्याची लीग चुकली त्या माणसाची चौकशी कोण करतो?

७/ आक्षेप येईल : ‘खेळाडूंचे आकडे नोंदींत आहेतच, मग कार्डे कशाला?’ उत्तर सरळ आहे. आकड्यांची कोष्टके मागाहून संकलित होतात. कार्ड त्या क्षणी, विक्रीसाठी घडते. कोणाचा चेहरा तंबाखू खपवील असे व्यापाऱ्याला वाटले, कोणाची बदली छापखान्यापर्यंत पोहोचली, हे कोष्टक सांगत नाही. ओ’हाराची दोन कार्डे शेजारी ठेवा : चेहरा तोच, नाव तेच, मालक मात्र बदललेला.

८/ दुसरा आक्षेप : ‘बाजारामुळेच तर कार्डे जपली जातात.’ जपली जातात, पण निवडून! याउलट जेफरसन बर्डिक पाहा. ‘टी २०६’ हा क्रमांकही त्यांच्याच सूचीतला. कारखान्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने ३ लाखांहून अधिक छापील वस्तू न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दान दिल्या. त्यांनी तारे उचलून बाकीचे फेकले नाहीत. संच हाच त्यांचा एकक होता. त्यांच्या अल्बममध्ये वॅग्नर आणि अनाम खेळाडू एकाच पंगतीला बसले. याला म्हणतात इतिहासदृष्टी.

९/ म्हणून तरुण अभ्यासकांनो, जुने कार्ड समोर आले की आधी भाव विचारू नका. विचारा : हे केव्हा छापले, किती छापले, आणि हा माणूस या संघात आला कसा? मँटलची कीर्ती मँटलच्या कार्डाविनाही टिकेल. ओ’हारा आणि डेमिट यांच्या बदलीचा हा समकालीन छापील पुरावा मात्र त्या कागदाबरोबरच संपेल. जो समाज फक्त विजेत्यांचे कागद जपतो, त्याच्या हाती इतिहास उरत नाही. उरते ती निव्वळ भाटगिरी.

(धागा समाप्त)