बारीक झालीस गं!

मैत्रिणींनो, कुणी जरा बारीक दिसलं की आपण बायका कौतुकात कमी पडत नाही. आमच्या राजुरीत माझ्याकडे गणित शिकायला येणाऱ्या दहावीतल्या एका मुलीला मीच दोनदा म्हटलं, "छान बारीक झालीस गं!" ती नुसती हसली. लहानपणापासून तिला इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण चतुर्थीचा कडक उपास करते, लाडवाला शिवत नाही, तेव्हा पोर शहाणी असंच मी धरून चालले.

एके दिवशी वर्गातच तिला उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. आळेफाट्याला नेलं, तिथून पुण्याला. चार दिवसांनी आईपाशी रडत तिनं कबूल केलं, की कित्येक महिने ती रात्रीचं इंजेक्शन घेतच नव्हती. ते चुकवलं की वजन उतरतं, हे तिला उमगलं होतं.

उतरतं हे खोटं नाही, भय त्याचंच आहे. इन्शुलिन नसलं की जेवणातली साखर अंगी लागत नाही, रक्तात साठते नि लघवीवाटे जाते. शरीर मग चरबी जाळू लागतं आणि रक्तात आम्ल साचतं. त्या उलट्या, तो वास त्याचाच. अशा वेळी घटकाभर थांबू नये, दवाखाना गाठावा, जिवावर बेततं. डोळे आणि मूत्रपिंडं लवकर बिघडतात ते निराळंच. १९२१ साली इन्शुलिनचा शोध लागला, त्याआधी डॉक्टर अशा मुलांना मुद्दाम अर्धपोटी ठेवत, तेवढेच दिवस वाढावेत म्हणून. आता औषध घरात आहे, आणि पोर पुन्हा तशीच सुकत होती!

हा हट्ट नव्हे बरं का, आजारच आहे. तिची आई म्हणाली, "घरात सदा एकच विषय, भाकरी किती, भात किती." साखर एकदम उतरून हातपाय थरथरले की तीन-चार चमचे साखर खावीच लागते, ते औषधच. पण तेव्हाही आजी विचारायची, "चोरून खाल्लंस ना?" मग ती खरंच रात्री चोरून खाऊ लागली, आणि दुसऱ्या दिवशी उपास.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर इन्शुलिनची बाटली नेहमीपेक्षा जास्त दिवस पुरतेय का, जेवूनही वजन घटतंय का, रात्री सारखं पाणी नि लघवी होतेय का, हे बघा. रागावू नका. मधुमेहाच्या डॉक्टरांना खरं ते सांगा, आणि मनाच्या डॉक्टरांकडेही न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, त्यावर मराठीतून बोलता येतं. इन्शुलिन पुन्हा नीट सुरू झालं की काही दिवस अंगावर सूज येऊन वजन वाढू शकतं. हे मुलीला आधीच सांगून ठेवावं, नाहीतर घाबरून ती पुन्हा टाळेल.

आता आई इंजेक्शनच्या वेळी शेजारी बसते आणि साखरेखेरीज सगळं बोलते. परवा ती वर्गात आली. गाल जरा भरलेत. मी विचारलं, "भूमितीची वही आणलीस का?"