घर घेण्यापूर्वी पायाखालीही पाहा : इंदूरच्या दुर्घटनांचा गोव्यासाठी अर्थ

३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूरच्या पटेलनगर भागातील बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन सुरू असताना भाविकांच्या पायाखालची जमीन खचली. ती जमीन नव्हतीच. जुन्या बारवेवर टाकलेला तो स्लॅब होता, वरून फरशी घातलेला. ३६ जणांचे प्राण गेले. त्या अनधिकृत बांधकामाबाबत महापालिकेने मंदिर न्यासाला आधी नोटीस दिली होती, हेही दुर्घटनेनंतर समोर आले. म्हणजे धोक्याची नोंद कागदावर होती. वर उभ्या असलेल्यांना मात्र ती ठाऊक नव्हती.

त्याच शहरात ३१ मार्च २०१८ च्या रात्री सरवटे बसस्थानकाजवळील हॉटेलची जुनी इमारत कोसळून १० जण दगावले. सप्टेंबर २०२५ मध्ये राणीपुरा भागातील तीन मजली इमारत कोसळली आणि दोघांचा बळी गेला. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले, अनेकांचे जीव गेले. मुख्य जलवाहिनीवरच शौचालय बांधलेले होते आणि गळती नेमकी तेथे सापडली. देशातील सर्वांत स्वच्छ शहर हा किताब इंदूरने वर्षानुवर्षे मिळवला आहे. पण शहराला मिळालेला किताब घराखालची वाहिनी तपासत नाही.

या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत; तरीही वास्तू वापरणारा आणि वास्तूविषयीची माहिती यांत अंतर राहिले, हे त्यांतील समान सूत्र होय. घराच्या खरेदी-विक्रीत हेच अंतर सर्वाधिक असते. आयुष्यभराची पुंजी ज्या वस्तूत घालायची, ती वस्तू अर्ध्या तासात, बहुधा दिवाणखान्यात बसूनच पाहिली जाते.

कायदा कोणाच्या बाजूने?

खरेदीदाराला कायद्याचे संरक्षण आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धसत्य आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला मोठा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे आणि तो लपवणे ही फसवणूक ठरते. मात्र त्याच तरतुदीत एक अट आहे : तो दोष असा असला पाहिजे, की जो खरेदीदाराला सामान्य दक्षता घेऊनही सापडला नसता. साध्या डोळ्यांना दिसणारी भेग खरेदीदाराने पाहिलीच नाही, तर पुढे तक्रारीचा आधार कमकुवत होतो. थोडक्यात, पाहण्याची जबाबदारी कायद्याने खरेदीदारावरही टाकली आहे.

२०१६ च्या रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला संरचनात्मक दोष विकसकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, अशी तरतूद केली. परंतु हे नाते विकसक आणि ग्राहक यांच्यातील आहे. जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाते, तेथे विक्रेता विकसक नसतो. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. गोव्यातील गावोगावच्या लहान इमारतींपैकी अनेक याच वर्गात मोडतात.

कर्ज देणारी बँक मूल्यमापक पाठवते, यावरही अनेकांची भिस्त असते. पण तो बँकेच्या कर्जाला पुरेसे तारण आहे की नाही, हे पाहतो. स्वयंपाकघरामागच्या भिंतीत मुरलेले पाणी हा त्याचा विषय नव्हे.

माती आणि पाऊस

इंदूर माळव्याच्या काळ्या मातीवर वसले आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंती तिच्याबरोबर हलतात. म्हणून तेथे घर एकदा वैशाखात आणि एकदा भाद्रपदानंतर पाहावे. गोव्याचा प्रश्न वेगळा आहे. येथे चिरा सच्छिद्र. गिलावा सुटला की तो पाणी शोषतो. किनारपट्टीवरील खारी हवा सळई गंजवते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. कौलारू घरात वासे आणि तुळया वाळवीने पोखरलेल्या असतात. वरचा रंग मात्र ताजा असतो.

पाहणीची सुरुवात त्या ताज्या रंगापासूनच व्हावी. संपूर्ण घर जुने आणि एकच भिंत नुकती रंगवलेली असेल, तर कारण विचारावे. गिलाव्यातील केसाएवढी भेग फारशी चिंतेची नसते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी, खांबातून किंवा तुळईतून गेलेली भेग मात्र गंभीर समजावी. दारे चौकटीत अडकतात का, फरशीवर ठेवलेली गोटी एकाच दिशेला घरंगळते का, छताच्या खालच्या बाजूस तांबूस डाग आहेत का, भिंतीच्या पायथ्याशी पांढरा खार आला आहे का, हे पाहायला अभियंत्याची पदवी लागत नाही. सर्व नळ एकाच वेळी उघडावेत. सेप्टिक टाकी आणि विहीर यांतील अंतर पाहावे. एक भेट भर पावसात द्यावी; आषाढातील एक सर अनेक गोष्टी उघड करते. शंका उरलीच, तर अनुभवी संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्यावा. घराच्या किमतीपुढे त्याचे शुल्क नगण्य असते.

कागदांची पाहणीही तितकीच प्रत्यक्ष हवी. मंजूर आराखडा हातात घेऊन, टेपने मोजून, बांधलेले घर त्याच्याशी जुळते का ते पाहावे. गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर मुंडकाराचे वा कुळाचे नाव आहे का, जमीन कोमुनिदादची आहे का, सनद आणि भोगवटा दाखला आहे का, हे तपासणे आवश्यक. येथील नागरी कायद्यानुसार पती-पत्नींची मालमत्ता सामान्यतः समाईक असते; विक्रीखतावर दोघांची संमती नसेल, तर व्यवहार पुढे अडकतो. वारसदारांचे इन्व्हेंटरी प्रकरण पूर्ण झाले आहे काय, हाही प्रश्न टाळून चालत नाही.

विक्रेत्याचेही हित

पाहणी हा केवळ खरेदीदाराचा विषय मानला जातो. ते बरोबर नाही. विक्रीपूर्वी स्वतःच घर तपासून, ज्ञात दोषांची यादी लिहून खरेदीदाराच्या सहीसह जपून ठेवणारा विक्रेता नंतरच्या दाव्यातून बऱ्याच अंशी वाचतो. किंमत थोडी कमी येईल. पण कोर्टाची पायरी टळेल.

स्वतःच्या पाहणीला मर्यादा आहेत, हे मान्यच करावे लागेल. पटेलनगरच्या त्या फरशीखाली काय आहे, हे नुसते पाहून कळले नसते. त्यासाठी शेजारच्या वृद्धांना विचारावे लागले असते, जुना नकाशा उघडावा लागला असता, महापालिकेची नोटीस वाचावी लागली असती. २०१४ च्या जानेवारीत काणकोणच्या चावडी येथे बांधकाम सुरू असलेली इमारत कोसळून मजूर चिरडले गेले, तेव्हा परवाने देणाऱ्या यंत्रणेवरही प्रश्न उपस्थित झाले होते. एकट्या ग्राहकाची दक्षता अशा यंत्रणेची जागा घेऊ शकत नाही. जुन्या इमारतींची नियतकालिक संरचना तपासणी आणि धोकादायक वास्तूंना दिलेल्या नोटिसा सर्वांना सहज पाहता येतील अशी व्यवस्था, या दोन गोष्टी पालिका आणि पंचायतींकडून मागायला हव्यात. इंदूरमध्ये नोटीस होती, ती कोणाच्या नजरेस पडली नाही. गोव्यात तशी नोटीस एखाद्या फाईलमध्ये पडून असेल, तर तिचा पत्ता घर घेणाऱ्याला सौद्यापूर्वी लागला पाहिजे.